एक ना धड, भाराभर क्लास? डी अँड डीमधल्या मल्टिक्लासिंगची ५० वर्षं

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि मधलं चहा पिणं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज आपण इतिहास बघणार आहोत, पण राजाचा नाही, लढाईचा नाही, अख्ख्या खेळाचाही नाही. एका खेळातल्या एका नियमाचा. छापला तर जेमतेम दोन-तीन पानं भरतील एवढा नियम. पण ५० वर्षांत तो इतक्या वेळा पाडून पुन्हा बांधलाय की त्याच्याकडे बघून खेळाचा सगळा प्रवास कळतो.

खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात तोच. ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर. तो जग उभं करतो, राक्षस चालवतो, निकाल देतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो: फायटर, जादूगार, चोर, देवाची कृपा असलेला क्लेरिक वगैरे. क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा समजा. मोहिमा केल्या की अनुभवाचे गुण मिळतात, त्याला एक्सपी म्हणतात. ठरावीक एक्सपी साठला की लेव्हल वाढते आणि पात्र ताकदवान होतं. झालं, एवढं पुरे.

आता कुणीतरी म्हणतं, "मला तलवारही चालवायची आहे आणि जादूही करायची आहे." चालेल का? आणि चाललं, तर त्याची किंमत काय?

आपल्याकडे म्हण आहेच, एक ना धड भाराभर चिंध्या. पण खेळात ती म्हण खरी ठरणार की नाही, हे नियम लिहिणाऱ्याच्या हातात असतं. किंमत फार कमी ठेवली तर दोन क्लासवाला सगळंच करतो आणि शेजारी बसलेला साधा फायटर संध्याकाळभर फासे हातात धरून बघत बसतो. किंमत फार जास्त ठेवली तर उलटं होतं. दोन क्लासवाल्याला लढता धड येत नाही आणि त्याची जादूही कुणाला लागत नाही. दोन्हीकडे कुणाची तरी संध्याकाळ वाया जाते. म्हणून हा नियम लोक इतक्या पोटतिडकीने भांडत आलेत.

आणि आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मल्टिक्लासिंगचा नियम एका पानावर लिहिलेला असतो, पण त्याची खरी किंमत दुसऱ्याच पानावरच्या एक्सपीच्या तक्त्यात लपलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७४: एल्फ असाल तर या, माणूस असाल तर बघू

डी अँड डी छापून आलं १९७४ मध्ये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा गाव, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोन लेखक, टीएसआर ही नवीकोरी कंपनी, तीन छोट्या पुस्तिका आणि पहिल्या छपाईत १००० प्रती. क्लास तीनच: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर, क्लेरिक. चोर अजून आलाच नव्हता.

त्या पहिल्या पुस्तिकेतही हा प्रश्न होता. एल्फ म्हणजे परीकथांमधली ती लांब कानांची मंडळी. लोककथा असोत की कादंबऱ्या, एल्फ लढतोही आणि जादूही करतो. मग खेळात त्याला एकाच खणात कसं कोंबायचं? नियम असा केला की एल्फने प्रत्येक मोहिमेआधी ठरवायचं, आज फायटर की जादूगार. एकाच खेळाच्या मधोमध टोपी बदलायची नाही. पण त्याला मर्यादाही होती: फायटर म्हणून चौथ्या लेव्हलपर्यंत, जादूगार म्हणून आठव्या. पुढे दार बंद.

आणि माणूस? त्याच्यासाठी आधीच बजावून ठेवलं होतं की क्लास बदलणं बरं नव्हे. बदलायचाच असेल तर नव्या क्लासला लागणाऱ्या मुख्य गुणात, म्हणजे फायटरसाठी ताकद, जादूगारासाठी बुद्धी, मूळचेच १६ किंवा जास्त हवेत. त्या काळी ३ फासे टाकून गुण ठरायचे. हिशोब करा: ३ फाशांचे एकूण २१६ प्रकार, त्यात १६ किंवा वर फक्त १० वेळा येतं. म्हणजे ५ टक्क्यांच्याही आत. शिवाय जादूगाराने क्लेरिक व्हायचं नाही, क्लेरिकने जादूगार व्हायचं नाही, अजिबात नाही.

गंमत बघा. ५० वर्षांचे तिन्ही प्रश्न याच पुस्तिकेत आहेत. कोणाला परवानगी? किती किंमत? आणि दोन्ही पेशे एकदम की एकामागून एक?

१९७५ ते १९७८: वाटणी आणि वनवास

१९७५ मध्ये 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली. तिने चोर हा क्लास आणला, अर्धा माणूस अर्धा एल्फ असलेला हाफ-एल्फ आणला, आणि दोन-तीन क्लास एकाच वेळी चालवायची पद्धतही आणली. मिळालेला एक्सपी क्लासांमध्ये सारखा वाटायचा.

मग १९७८ मध्ये ॲडव्हान्स्ड डी अँड डीचं 'प्लेयर्स हँडबुक' आलं आणि गायगॅक्सने दोन वेगळे रस्ते पक्के करून टाकले.

पहिला रस्ता मल्टि-क्लास. हा फक्त माणूस नसलेल्यांसाठी: एल्फ, ड्वॉर्फ, हाफ-एल्फ वगैरे. पहिल्या दिवसापासून दोन किंवा तीन क्लास, एक्सपीची समान वाटणी.

दुसरा रस्ता फक्त माणसांसाठी, ज्याला पुढे सगळे ड्युअल-क्लास म्हणायला लागले. यात जुना पेशा सोडायचा आणि नवीन पेशात पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची. जुन्या क्लासच्या मुख्य गुणात १५ हवेत आणि नव्या क्लासच्या गुणात १७. आणि खरी मेख पुढे आहे. नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या वर जाईपर्यंत जुनं काहीही वापरायचं नाही. वापरलंत तर मोहिमेतला अनुभव पदरात पडायचा नाही. तोवर अंगातली जीवनशक्ती, म्हणजे हिट पॉइंट्स, तेही वाढायचे नाहीत.

म्हणजे कल्पना करा, पाचव्या लेव्हलचा तगडा फायटर. त्याला जादूगार व्हायचंय. आता तो पहिल्या लेव्हलचा शिकाऊ आहे. समोरून राक्षस येतोय, तलवार कशी फिरवायची हे हातांना माहीत आहे, पण फिरवली तर आजचं शिकणं शून्य. हा वनवासच झाला की!

आमच्या आयटीत टेस्टिंग सोडून डेव्हलपमेंटमध्ये जाणाऱ्या, किंवा मेकॅनिकल करून कोडिंगकडे वळलेल्या मुलांना हे वाचून लगेच काहीतरी ओळखीचं वाटेल. जुना अनुभव रेझ्युमेवर असतो, पण नव्या टीममध्ये तुम्ही फ्रेशर.

आणि बार्ड! १९७८ च्या त्या पुस्तकात बार्ड, म्हणजे गाणारा भटका शाहीर, व्हायचं तर आधी फायटर म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठायची, आठवी यायच्या आत ते सोडून चोर व्हायचं, तिथेही पाचवी गाठायची, नववीच्या आत ते सोडायचं, आणि मग ड्रुइड मंडळींकडे जाऊन शिकायचं. सहाच्या सहा गुणांवर किमान अटी वेगळ्याच. एवढं सगळं करून एक शाहीर तयार व्हायचा.

तक्त्यात लपलेला जादूगार

आता तो तक्ता. इथे जरा आकडे आहेत, पण सोबत राहा, मजा आहे.

१९७८ च्या पुस्तकात फायटरला दुसऱ्या लेव्हलला लागतात २,००१ एक्सपी. मग ४,००१. मग ८,००१, १८,००१, ३५,००१, ७०,००१. दिसतंय का? प्रत्येक पायरी आधीच्या साधारण दुप्पट. जादूगाराचा तक्ता थोडा वेगळा, पण चाल तशीच.

दुपटीच्या तक्त्यात एक्सपी अर्धा केला तर किती लेव्हल मागे पडता? साधारण एक! बस. एकच.

उदाहरण घ्या. दोघांनी ९०,००० एक्सपी कमावले. एक साधा फायटर, तो सातव्या लेव्हलला. दुसरा पुरेशी ताकद असलेला एल्फ, फायटर आणि जादूगार दोन्ही. त्याच्या वाट्याला ४५,००० आणि ४५,०००. तो फायटर म्हणून सहावा आणि जादूगार म्हणूनही सहावा. सात विरुद्ध सहा अधिक सहा. कागदावर "अर्धी वाटणी" वाचून आपल्याला वाटतं केवढी मोठी शिक्षा. प्रत्यक्षात एका लेव्हलच्या बदल्यात अख्खा दुसरा पेशा मिळतोय.

आता आपला वनवासातला माणूस बघा. फायटर म्हणून पाचवी लेव्हल, खर्च १८,००१. जादूगार म्हणून सहावी गाठली की जुनी तलवार परत हातात, त्याला खर्च ४०,००१. एकूण ५८,००२. आता एवढाच एक्सपी ज्याने पहिल्यापासून फक्त जादूगारीत घातला, तो कितव्या लेव्हलला असेल? सहाव्याच! कारण सातवीला ६०,००१ लागतात. म्हणजे वनवास संपला त्या दिवशी हा माणूस त्याच्या बरोबरीचा जादूगार आहे, आणि वर पाचव्या लेव्हलचा फायटर फुकट. त्रास होता तो मधल्या काळाचा. तेवढा काढला की शेवटी तोटा जवळपास काहीच नाही.

मग गायगॅक्सने मल्टि-क्लासला आवर घातला कशाने? लेव्हलच्या मर्यादेने. एल्फ कितीही बलवान असला तरी फायटर म्हणून सातवीच्या पुढे नाही, कितीही हुशार असला तरी जादूगार म्हणून अकरावीच्या पुढे नाही. आणि एका क्लासची मर्यादा आली तरी वाटणी चालूच राहायची, म्हणजे निम्मा एक्सपी पाण्यात. माणसाला अशी मर्यादा नव्हती. गायगॅक्सला खेळाचं जग माणसांभोवती फिरणारं हवं होतं, आणि १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये त्याने ते उघडपणे मांडलंय.

पण परिणाम काय? तुम्ही काय होऊ शकता हे तुमच्या इच्छेने कमी आणि तुमच्या जन्माने जास्त ठरत होतं. एल्फ म्हणून जन्मलात तर दोन पेशे सुरुवातीपासून, पण वर छत. माणूस म्हणून जन्मलात तर छत नाही, पण दुसरा पेशा हवा तर आधी फाशांनी १७ द्यायला हवेत. शिवाय मर्यादा येते सातव्या-अकराव्या लेव्हलला. खेळ तिथवर पोचलाच नाही, तर एल्फने किंमत मोजलीच नाही.

जाता जाता १९८१ ची एक सुंदर पळवाट. टॉम मोल्डव्हेने संपादित केलेल्या सोप्या 'बेसिक' आवृत्तीत एल्फ हाच एक क्लास आहे. तो लढतो, जादू करतो, विषय संपला. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २,००० लागतात, जादूगाराला २,५००, एल्फला ४,०००. वाटणी नाही, सगळी किंमत सरळ तक्त्यावर छापलेली. दहाव्या लेव्हलला थांबायचं. इतका प्रामाणिक नियम नंतर फारसा दिसला नाही.

२०००: सगळ्यांसाठी दार उघडं

१९८९ ची दुसरी आवृत्ती हे दोन्ही रस्ते तसेच ठेवून पुढे गेली. आपल्यापैकी काहींनी हे नियम पुस्तकात नाही, कॉम्प्युटरवर बघितलेत. बायोवेअरचे 'बाल्डर्स गेट' हे जुने गेम, १९९८ चा आणि २००० चा, याच नियमांवर चालायचे. दुसऱ्या भागातली इमोएन आठवते? ती आधी चोर, मग जादूगार. चोर म्हणून तिची लेव्हल पुढे का वाढत नाही, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर आत्ताच ऐकलंत.

१९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, मॉंटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी लिहिलेली. त्यांनी जे केलं त्याला आम्ही रिफॅक्टरिंग म्हणतो. दोन रस्ते, जन्मावरच्या अटी, लेव्हलच्या मर्यादा, सगळं पाडलं. नवा नियम एका वाक्यात: लेव्हल वाढली की ती कोणत्या क्लासमध्ये घ्यायची ते तुम्ही ठरवा. माणूस असो, एल्फ असो, सगळ्यांना सारखं. सगळ्यांना एकच एक्सपी तक्ता.

तत्त्व म्हणून विचाराल तर माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा निर्णय आहे. जन्मापेक्षा निवड मोठी ठरली.

पण तक्ता बदलला होता ना! आता दुपटीची चाल गेली. दहाव्या लेव्हलला ४५,००० आणि अकराव्याला ५५,०००. आणि वाटणी एक्सपीची नाही, थेट लेव्हलचीच. म्हणजे दहाव्या लेव्हलला फायटर ५ आणि जादूगार ५. जुन्या हिशोबात सात विरुद्ध सहा-सहा होतं, इथे दहा विरुद्ध पाच-पाच.

पाच-पाचवाल्याचं काय होतं बघा. सरळ जादूगार दहाव्या लेव्हलला पाचव्या दर्जाचे मंत्र टाकतो, हा तिसऱ्यावर अडकलेला. फायटरला हल्ल्यासाठी १० चा बोनस, याला ७. राक्षस मात्र दहाव्या लेव्हलच्या तोडीचे. म्हण खरी झाली, भाराभर चिंध्या.

आणि त्याच वेळी उलटा घोळही. बऱ्याच क्लासच्या पहिल्या लेव्हललाच भरपूर खाऊ ठेवलेला. मग लोक एक लेव्हल इकडची, दोन तिकडची असं टिपत सुटले. याला डिप म्हणतात, चटणीत बोट बुडवल्यासारखं. राउंडिंगचाही बग होता. जादूगार आणि क्लेरिक, दोघांचीही पहिली लेव्हल मन शाबूत ठेवायच्या बचावाला प्रत्येकी २ देते, बेरीज ४. पण दोघांचाही हल्ल्याचा बोनस पहिल्या लेव्हलला शून्यात राउंड होतो, बेरीज शून्य. एकीकडे फायदा दुप्पट, दुसरीकडे अपूर्णांक हवेत. २००४ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकाने अपूर्णांक धरून बेरीज करायचा पर्यायी नियमच दिला.

डिप रोखायला दंड ठेवला होता: क्लासांच्या लेव्हलमध्ये एकापेक्षा जास्त फरक पडला की एक्सपीत २० टक्के कपात, तुमच्या जमातीचा आवडता क्लास सोडून. जन्म पुन्हा मागच्या दाराने आत आला! आणि दुबळ्या जादूगारांसाठी २००३ च्या ३.५ आवृत्तीत मिस्टिक थिअर्ज, एल्ड्रिच नाइट असे खास क्लास आले, जे दोन पेशांना पुन्हा सांधायचे. २००९ मध्ये पैझोच्या 'पाथफाइंडर'ने दंडच काढून टाकला आणि आवडत्या क्लासमध्ये राहिलात तर छोटं बक्षीस ठेवलं. काठीऐवजी गूळ.

२००८ ते आज: पाठीचा कणा वेगळा

२००८ ची चौथी आवृत्ती या गोंधळाला इतकी कंटाळली होती की तिने मल्टिक्लासिंग चवीपुरतं ठेवलं. तुमचा क्लास एकच, फीट नावाची खास कमाई खर्चून दुसऱ्या क्लासची एखादी युक्ती उसनी घ्यायची. सुरक्षित, पण अळणी. शेवटी २०१० मध्ये तिसऱ्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये दोन अर्धे क्लास जोडणारा हायब्रिड आणावाच लागला.

मग २०१४ ची पाचवी आवृत्ती. मल्टिक्लासिंग ऐच्छिक नियम म्हणून छापलं, डंजन मास्टर हो म्हणाला तर. दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात १३ हवेत. १७ चे १३ झाले, म्हणजे कामाची लेव्हल बऱ्याच जणांच्या आवाक्यात आली.

पण खरं शहाणपण वेगळीकडे आहे. काही गोष्टी क्लासच्या लेव्हलपासून तोडून पात्राच्या एकूण लेव्हलला बांधल्या. सरावाचा बोनस एकूण लेव्हलवर. छोट्या मंत्रांचा जोर एकूण लेव्हलवर. आणि मंत्र टाकायची शक्ती, म्हणजे स्पेल स्लॉट, दोन जादूच्या क्लासची बेरीज करून एकाच तक्त्यातून. क्लेरिक ५ आणि जादूगार ५ असाल तर दोन्हीकडचे मंत्र तिसऱ्या दर्जापर्यंतचेच येतात, पण स्लॉट मात्र दहाव्या लेव्हलचे. म्हणजे पदार्थ साधाच, पण मोठ्या आचेवर. फायरबॉल तोच, स्लॉट मोठा वापरून जास्त जोरात टाकायचा. वॉरलॉकसारख्या एखाद्या क्लासचा हिशोब वेगळा, पण एकंदर कणा एकच.

भोकं राहिलीच. फायदे पहिल्या लेव्हलला असले की डिप होणारच. म्हणून २०२४ च्या सुधारित पुस्तकात सगळ्या क्लासच्या उपशाखा तिसऱ्या लेव्हलला सरकवल्या. आधी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकना त्या पहिल्यालाच मिळायच्या. चटणीची वाटी जरा लांब ठेवली एवढंच.

आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी जे खेळलंय ते, 'बाल्डर्स गेट ३', २०२३. लॅरियनने १३ ची अटही काढून टाकली. कुणीही, काहीही, कधीही. चुकलं तर थोडी सुवर्णमुद्रा देऊन पात्र नव्याने मांडा. फक्त सगळ्यात सोप्या मोडमध्ये मल्टिक्लासिंग बंद आहे, कारण नवख्या खेळाडूने वाईट जोडी निवडून अडकू नये. १९७४ मध्ये २१६ पैकी १० जणांना मिळणारी वाट आज एका टॅपवर आहे.

मग बरोबर कोण?

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं काहीतरी हरवलं आणि काहीतरी मिळालं. जुन्या नियमात क्लास बदलणं ही पात्राच्या आयुष्यातली घटना होती. ती सोसावी लागायची, म्हणून लक्षात राहायची. पण ती संधी ठरावीक जन्माच्या आणि ठरावीक नशिबाच्या लोकांनाच होती. नव्या नियमात संधी सगळ्यांना आहे, म्हणून ती कधीकधी नुसती आकडेमोड होऊन जाते. यातलं एक निवडायचंच झालं तर मी नवं निवडेन. दार उघडं असताना आत जाऊन कंटाळा आला तरी चालेल, जन्म बघून दार उघडणारा दारवान नको.

ज्यांच्या टेबलावर सध्या मोहीम चालू आहे त्यांच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी कुणी "मला दुसरा क्लास घ्यायचाय" म्हणालं की नियमाचं पान उघडण्याआधी दोन प्रश्न विचारा. पाच लेव्हल पुढे हे पात्र टेबलावर काय करत असेल? आणि शेजारी बसलेल्याला करायला काय उरेल? उत्तरं बरी आली तर खुशाल घ्या.

पुढच्या भागात फाशांकडे वळू: वीस बाजूंचा फासा या खेळात आला कसा. तोवर हा भाग तुमच्या ग्रुपवर टाका, विशेषतः त्या मित्राला, ज्याच्या पात्राला आत्ताच चार क्लास आहेत. भेटू लवकरच!